सात फोटोंत सात काकू

“फोटोला कसला आलाय फोटोग्राफर? बोट टेकवलं की फोटो!”

हे वाक्य चावीवाल्यांनी अशा काही ऐटीत टाकलं, जणू जगातला पहिला फोटो त्यांनीच काढला होता. घरं विकून द्यायचा त्यांचा धंदा. कमरेला चाव्यांचा हा एवढा झुबका! ते गल्लीच्या तोंडाशी असतानाच घरात कळायचं, स्वारी आली. म्हणून अख्खं गाव त्यांना चावीवालेच म्हणे. खरं नाव बायकोला ठाऊक होतं, पण ती ‘अहो’च्या पुढे कधी गेली नाही.

“अहो, माझी धाकटी बहीण रोज घरांचेच फोटो काढते. तिला एकदा बोलवून तर बघा.”

“धाकटीला? ती एका फोटोला तास लावते! तेवढ्या वेळात मी अख्खं घर विकतो.”

“हो ना. काकूंचं घर नऊ महिने विकताय,” बायको म्हणाली आणि शांतपणे ताटं उचलू लागली.

दुखरी नस नेमकी दाबली होती. काकू म्हणजे साऱ्या गावाच्याच काकू, एकट्या राहणाऱ्या. त्यांचं घर तळमजल्यावर. समोर दोन उंच इमारती, भांडणाच्या तयारीत असल्यासारख्या खांद्याला खांदा लावून उभ्या. गिऱ्हाईक दारात यायचं, म्हणायचं, “जरा दिवे लावा ना.” चावीवाले म्हणायचे, “लावलेत की!” आणि गिऱ्हाईक दारातूनच परत.

इकडे काकूंची थोरली बहीण गावाच्या दुसऱ्या टोकाला गुडघे धरून एकटी बसलेली. रोज फोन. “कधी येतेस गं?” काकू रोज म्हणत, “आलेच.” पण घराला नुसतं कुलूप घालून जायला त्यांचा जीव होईना. बंद घर म्हणजे रुसून गप्प बसलेलं माणूस, असं त्यांना वाटे. कुणाच्या तरी हाती दिलं, की मोकळ्या पायांनी निघायचं.

तर चावीवाले मोबाईल घेऊन निघाले. समोरच्या खोलीत काकू खिडकीशी स्टुलावर बसून क्रोशाचं विणकाम करत होत्या.

“काकू, जरा दुसरीकडे बसता का? फोटो काढायचाय.”

“बसते की.” काकू स्टूल घेऊन उठल्या. पण गुडघे काही मोबाईलच्या वेगाने चालत नाहीत. चावीवाल्यांनी बोट टेकवलं तेव्हा त्या दाराशी पोचल्या होत्या. चावीवाले स्वयंपाकघरात आले, तिथे काकू! “जरा दुसरीकडे...” झोपायच्या खोलीत गेले, तिथे काकू! ओट्यापाशी काकू, पॅसेजमध्ये काकू, गॅलरीत काकू. शेवटी बाथरूमचं दार उघडलं, तर आत उलट्या बादलीवर काकू!

“आता कुठे जाऊ रे बाबा? घर संपलं!”

चावीवाल्यांचं सगळं लक्ष फरशीकडे. सात फोटो सात मिनिटांत काढून, सातव्या आसमानात तरंगत त्यांनी ते जाहिरातीत टाकले. तासाभरात फोन! नऊ महिन्यांत वाजला नव्हता एवढा वाजला!

“बायकांचं वसतिगृह आहे ना? एक जागा मिळेल?”

“सातही भाडेकरू बायका घर कधी सोडणार?”

“माझ्या आत्याला तिथे ठेवून घ्याल का? तीही विणते.”

चावीवाले ओशाळले. पण हार मानतील तर ते चावीवाले कसले! मोबाईलमध्येच कसलीशी जादू असते, बोट फिरवलं की माणूस पुसलं जातं. त्यांनी बोट फिरवलं. काकू गेल्या. पण पुरत्या गेल्या नाहीत! स्वयंपाकघरात क्रोशाची सुई हवेत विणत राहिली. पॅसेजमध्ये दोन पावलं एकटीच उभी राहिली. गॅलरीत नुसता चष्मा लुकलुकत होता.

आता फोन आले ते वेगळेच. भुताखेतांचे किस्से गोळा करणारं एक जोडपं म्हणालं, “आम्ही अंथरूण घेऊनच येतो!” आणि थोरल्या बहिणीने रडत रडत काकूंना फोन केला, “अगं, तू आहेस ना? गॅलरीत तुझा चष्माच तेवढा उरलाय गं!”

काकूंनी चावीवाल्यांना समोर उभं केलं. “रविवारपर्यंत धड काहीतरी कर. नाहीतर किल्ली समोरच्या चष्मेवाल्याकडे देते.”

चष्मेवाला! समोरच्या फुटपाथवरचा एजंट! आपल्या झुबक्यातली किल्ली त्याच्या खिशात! चावीवाल्यांच्या छातीत खळ्ळकन आवाज झाला. की चाव्याच वाजल्या, कोण जाणे. घरी येऊन ते भिंतीकडे बघत म्हणाले, “तुझ्या त्या धाकटीला... सहज... फोन कर हवं तर.”

धाकटी शुक्रवारी सकाळीच हजर. पाठीवर कॅमेरा, खांद्यावर तिपाई. आली आणि काय केलं? काही नाही! तासभर नुसती बसून राहिली, काकूंकडे बघत.

“अगं, काढ ना फोटो!” चावीवाले कळवळले.

“थांबा हो भाऊजी.”

तेवढ्यात काकू स्टूल घेऊन आपणहून उठल्या आणि स्वयंपाकघराकडे निघाल्या.

“काकू, आता तर कुणी उठवलंही नाही,” धाकटीने विचारलं. “मग कुठे निघालात?”

“इथलं ऊन गेलं ना. बारीक टाके दिसत नाहीत गं मला. ते जाईल तिकडे मी जाते. तीस वर्षं आम्ही दोघं असंच घरभर हिंडतोय.” आणि सुई चालवता चालवता त्या गुणगुणल्या:

“सकाळचं ऊन बाई, खिडकीत बसतं
दुपारचं ऊन माझं, ओट्याशी हसतं
सांजवेळी दमून, पायांशी निजतं...”

धाकटी ताडकन उठली. “भाऊजी! स्टूल उचला!”

“मी?”

“मग कोण? काकू बसतील तिथे ऊन येणार. आलं की काकू बाजूला, स्टूल बाजूला, आणि मी फोटो काढणार!”

मग दिवसभर हाच खेळ. काकूंनी जागा दाखवायची, धाकटीने तिपाई रोवायची, आणि कवडसा फरशीवर उतरला रे उतरला की हुकूम, “भाऊजी, स्टूल!” सात फोटोंना अख्खा दिवस, वर खिडकीतल्या उन्हासाठी शनिवारची सकाळ! पण फोटो पाहिले आणि चावीवाल्यांच्या चाव्या वाजायच्या थांबल्या. तेच घर! नऊ महिने ज्यात ते ठेचकाळत होते, तेच! ओट्यावर ऊन दुधासारखं सांडलेलं. पॅसेजची फरशी आत्ताच कुणी अनवाणी चालून गेल्यासारखी ऊबदार. धाकटीने प्रत्येक फोटोखाली वेळ लिहिली: सकाळी साडेसात, दुपारी बारा वाजायला वीस, सव्वाचार.

“वेळ कशाला?” चावीवाले चिडले. “लोकांना वाटू दे की दिवसभर ऊन असतं!”

“वाटू दिलं, तर लोक दारातूनच परत जातात, भाऊजी.”

रविवारी अकरा वाजता दारात रांग! पंधरा-वीस माणसं आत आली आणि थबकली. अंधार!

“हे काय? फोटोत लख्ख ऊन होतं!” एक टोपीवाले गरजले. “फोटो खोटे! फसवणूक!”

चावीवाल्यांना समोरच्या फुटपाथवर चष्मेवाल्याचा चष्मा चमकलेला दिसला.

“खोटे कसे?” स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला. “वेळ वाचली नाहीत का? अजून चाळीस मिनिटं आहेत. बसा जरा, येईलच.”

“कोण येईल?”

“ऊन!”

कशी कोण जाणे, माणसं थांबली. बारा वाजायला वीस मिनिटं असताना दोन इमारतींच्या फटीतून तिरीप शिरली, ओट्यावर चढली आणि अख्खं स्वयंपाकघर उजळलं. टोपीवाल्यांनी न कळत टोपी काढली आणि घरातलं वडीलधारं माणूस यावं तसे बाजूला सरकले.

गर्दीतून एक नर्सबाई पुढे आल्या. डोळे तांबारलेले, हातात जाहिरातीचा कागद. “झोपायच्या खोलीच्या फोटोखाली सव्वाचार लिहिलंय. म्हणजे सकाळी तिथे ऊन येतच नाही?”

चावीवाल्यांना वाटलं, आता गिऱ्हाईक गेलं! ते झेपावलेच, “छे छे! सकाळी तर डोळे दिपतात तिथे! काळा चष्मा लावून झोपावं लागतं!”

“मग नको,” नर्सबाई म्हणाल्या आणि वळल्या.

“थापा मारतोय तो!” काकू ओरडल्या. “सकाळी तिथे एक किरण नाही! उशी सापडत नाही, असा अंधार! जाऊन बघ!”

नर्सबाई आत गेल्या. दार लोटलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. शेवटी चावीवाल्यांनी हळूच डोकावलं, तर बाई त्या मिट्ट अंधारात भिंतीला टेकून डोळे मिटून उभ्या होत्या. चेहऱ्यावर स्वर्ग!

“आठ वर्षं रात्रपाळी करतेय,” त्या पुटपुटल्या. “सकाळी आठला झोपते. डोळ्यांवर टॉवेल बांधून. आणि चारला उठते तेव्हा बाहेरचा दिवस कलायला लागलेला असतो. इथे चारनंतर ऊन खोलीत येतं ना? मला उठवायला? हेच घर घेते मी!”

घर गेलं! नऊ महिन्यांचं घर एका फोटोखालच्या एका ओळीवर गेलं! कागदांवर सह्या झाल्या त्या दिवशी काकूंनी किल्ली नर्सबाईंच्या तळहातावर ठेवली, वर स्वतःची बोटं मिटली. संध्याकाळी त्या थोरलीच्या दारात उभ्या होत्या. “आलेच म्हटलं होतं ना? आले!”

आता गावभर चावीवाल्यांचा डंका आहे. घर दाखवायच्या आदल्या दिवशी काकू तिथे जाऊन ऊन शोधतात, धाकटी फोटो काढते. परवा एका घराचे फोटो चालू असताना खुद्द चष्मेवाला रस्ता ओलांडून दारात आला. “एवढी घरं कशी हो विकता? युक्ती काय?”

“फोटोला फोटोग्राफरच लागतो, हे मी पहिल्यापासून सांगत आलोय!” चावीवाल्यांनी झुबका खुळखुळवला. “तिघांची टीम आहे आमची. काकू ऊन बघतात, धाकटी कॅमेरा बघते.”

“आणि तुम्ही?”

“मी? मी सगळं... एकूण... म्हणजे वरची सूत्रं...”

“भाऊजी!” आतून हाक आली. “स्टूल!”