मामाची फ्रेम

नेमबाजीच्या निवड चाचणीला आठ दिवस उरले असताना श्रुतीच्या एअर पिस्तुलाची फ्रेम, म्हणजे त्याचा सांगाडाच, तडकली. कंपनीची नवी यायला दोन महिने लागणार होते. पोरगी जेवेना, तेव्हा तिचा मामा केरबा पुढं सरसावला. उद्यमनगरात त्याचं पंपाचे सुटे भाग करायचं वर्कशॉप होतं.

"त्यात काय हाय? म्या करतो की! म्हस बसली तरी वाकणार न्हाय."

"मामा, म्हस कशाला बसंल? मी नेम धरणार हाय."

सहा दिवस केरबानं पंपाच्या कामाला हात लावला नाही. फ्रेम मात्र झकास झाली. सरावात श्रुतीनं दोनशे छर्रे मारले, एक स्क्रू हलला नाही. केरबा भेटेल त्याला थांबवून फ्रेमचे फोटो दाखवत सुटला.

चाचणीच्या सकाळी तपासनीस यज्ञेश्वर सरांनी पिस्तूल काट्यावर ठेवलं.

"पंधराशे चाळीस ग्रॅम. मर्यादा दीड किलोची आहे. चालणार नाही."

श्रुतीचे डोळे भरले. केरबा गडबडला. "सायेब, मजबूत हाय म्हणून जड हाय!"

"मग हलकी करून आणा. अजून पाऊण तास आहे."

फ्रेम सोडवून केरबा समोरच्या गॅरेजात पळाला. ड्रिल मागून घेतलं आणि तान्ह्या पोराचे कान टोचावेत तसं तोंड वाकडं करत एकेक भोक पाडलं. परत आला, तर बारा ग्रॅम जास्तच. पुन्हा पळाला. शेवटी काटा चौदाशे अठ्ठ्याण्णववर थांबला, तेव्हा फ्रेमची पार चाळण झाली होती.

"पास," सर म्हणाले.

"ते झालं, पण सायेब, आता ही टिकंल का?" केरबानं त्यांनाच विचारलं.

श्रुती आत गेली. प्रत्येक छर्र्याला केरबाला फ्रेम तुटल्यासारखा 'कट्ट' असा आवाज ऐकू यायचा आणि तो बाक घट्ट धरायचा. साठावा छर्रा सुटला. फ्रेम टिकली, श्रुती तिसरी आली, तिची निवड झाली. केरबा मात्र बाकावरच आडवा झाला.

शुद्धीवर आला तेव्हा सर तोंडावर पाणी मारत होते.

"मामा, निवड झाली!" श्रुती म्हणाली.

"व्हय? आन् तुटली का?"

"न्हाय ओ! जशीच्या तशी हाय."

केरबाच्या जिवात जीव आला. तेवढ्यात सर खाली वाकून हळूच म्हणाले, "केरबाभाऊ, आमच्या मुलीला, अवंतिकेलाही, अशीच एक करून द्याल का?"

केरबानं पुन्हा डोळे मिटून घेतले.