सब-वूफरच्या मौनाबाबत

हेडक्लार्कांच्या दिवाणखान्यातील सब-वूफर मंगळवारी सकाळी मौनात गेला. पुढचा दिवा हिरवा होता, छोट्या स्पीकरांतून गाणे नीट येत होते. फक्त या डब्यातून येणारा खालचा घुमारा गायब. इतर कुणाला हे कळलेही नसते. पण हेडक्लार्कांच्या वडिलांचे, अण्णांचे, दोन्ही कान कधीच कामातून गेले होते. ते रोज त्या काळ्या डब्यावर तळहात ठेवून गाणी ऐकत. त्या दिवशी त्यांनी तीनदा हात ठेवला आणि तीनदा उचलला.

"लावलंस का रे?" त्यांनी विचारले.

हेडक्लार्कांनी माहितीपुस्तिका काढली. पुस्तिकेप्रमाणे वायर काढून पुन्हा लावली, मागचे बटण पूर्ण फिरवले, डबा कोपऱ्यात नेला, मग कोपऱ्यातून बाहेर काढला. शेवटी बुधवारी संध्याकाळी कंपनीला फोन केला.

"सर, आवाज कमी येतोय, जास्त येतोय, की घरघर येतेय?" पलीकडच्या मुलीने विचारले.

"येतच नाहीये."

"सॉरी सर, मग त्रयस्थ माणसाचं पत्र लागेल. आवाज येत नाही, हे तुम्हीच सांगून कसं चालेल? खालच्या मजल्यावरच्यांचं चालेल."

हेडक्लार्कांना रागाऐवजी आदरच वाटला. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी समोर उभ्या असलेल्या माणसांकडून हयातीचे दाखले मागितले होते. पण हे त्यांनाही सुचले नसते.

खालच्या मजल्यावरचे गृहस्थ सोसायटीचे सेक्रेटरी होते. वरून येणाऱ्या धमधमाटाविरुद्ध लढण्याच्या एकमेव मुद्द्यावर ते निवडून आले होते.

"दोन दिवस दुपारी काय छान झोप लागतेय म्हणून सांगू!" ते म्हणाले. "पण तसं लिहून कसं देऊ हो? आवाजच बंद झाला, तर माझं पद कशाला हवं?"

"मग काय लिहून देता?"

"आवाज असह्य आहे, असं लिहितो. हवं तर शिक्का मारून देतो."

शिक्का पाहून कंपनीने पत्र तत्काळ मान्य केले. आतला मजकूर वाचण्याची तिथे पद्धत नव्हती. तिसऱ्या दिवशी मेकॅनिक आला, त्याने मागचे झाकण उघडले आणि मान हलवली.

"सर्किट उडालंय. नवीन बॅगेत आहे. दहा मिनिटांचं काम."

अण्णा खुर्ची ओढून हात तयार ठेवून बसले.

"फक्त आधी मोबाइलवर पाच तारे द्या, साहेब."

"काम व्हायच्या आधीच?"

"तारे पडल्याशिवाय पार्ट सुटत नाही. आणि चार दिलेत तर माझा पगार कापतात. घरी दोन लेकरं आहेत हो."

हेडक्लार्कांनी पाच तारे दिले. मेकॅनिकच्या खिशात फोन वाजला. मेसेज वाचून त्याने झाकण पुन्हा बसवले आणि बॅगेची चेन ओढली.

"काय झालं?"

"तक्रार बंद झाली. ग्राहक समाधानी असला की पार्ट बदलता येत नाही."

"अहो, पण मी समाधानी नाहीये!"

"मग तशी नवी तक्रार करा ना, साहेब. पत्र मात्र ताजं लागेल."

मेकॅनिक गेला. अण्णा अजून हात ठेवून वाट पाहत होते. हेडक्लार्कांना ते बघवेना. त्यांनी गाणे लावले, डब्यामागे फतकल मारली आणि ठेका धरून डब्यावर बुक्क्या मारायला सुरुवात केली. अण्णांचा चेहरा खुलला. "हां, आता कसं झकास!" ते म्हणाले. खालून सेक्रेटरींनी काठीने छत ठोकले. पद वाचल्यामुळे तेही आनंदात होते.

तेव्हापासून हेडक्लार्क ऑफिसातून आले, की चहा घेऊन तासभर सब-वूफरचे काम पाहतात. मनगट सुजले आहे, पण अण्णांना कळू दिलेले नाही.

कंपनीच्या पानावर या डब्याला हजारो लोकांचे पाच तारे आहेत. त्यांतले पाच हेडक्लार्कांचे. बाकीचे कुणी, कशाच्या आधी दिले, ते त्यांना ठाऊक नाही. तुम्हाला असेल. परवा फ्रिज दुरुस्तीला आलेला माणूस दारात बूट घालता घालता तुम्हाला काहीतरी म्हणाला होता, आणि तुम्ही लगेच मोबाइल काढला होतात. होतोय का फ्रिज गार?