गुप्त नावाची फाईल

आमच्या ऑफिसात मॅक्रोच्या बाबतीत माझा शब्द शेवटचा. दोन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आलोय, प्रमाणपत्र फ्रेम करून टेबलामागे लावलंय, आणि फाईल उघडताना कुणाच्या स्क्रीनवर मॅक्रोच्या इशाऱ्याची ती पिवळी पट्टी दिसली की लोक मला हाक मारतात. नाही मारली तरी मी जातोच.

मॅक्रो म्हणजे फाईलच्या पोटात लिहून ठेवलेल्या सूचना. एक बटण दाबलं की शंभर कामं आपोआप उरकतात. भल्या माणसाने लिहिल्या असतील तर आपली, चोराने लिहिल्या असतील तर त्याची! म्हणून नियम असा की पट्टीवरचं ‘चालू करा’ लगेच दाबायचं नाही. आधी पाठवणाऱ्याला विचारायचं, तेही वेगळ्या मार्गाने. फाईल मेलने आली तर फोनवर. हा नियम मी बायकोलाही समजावलाय. अकरा वेळा, असं ती म्हणते.

एका सुट्टीच्या दुपारी सासऱ्यांचा मेल आला. लग्नाला बारा वर्षं झाली, पण या गृहस्थांनी मला कधी साधा खिळा ठोकायला सांगितला नव्हता. त्यांच्या मते मी बोलतो फार, करतो कमी. आणि आज चक्क लिहिलं होतं, ‘सोबतची फाईल उघडा. बटण दाबा. चालतं का कळवा. तातडीचं आहे. कुणाला सांगू नका.’ फाईलचं नाव ‘गुप्त’.

प्रशिक्षणात चोरांची पत्रं दाखवली होती, ती हुबेहूब अशीच! सासऱ्यांचा मेल कुणीतरी पळवलाय, याची माझी खात्रीच पटली. बारा वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या नजरेत भरायची संधी आली होती. त्यांचा मोबाईल बंद लागला, म्हणून घरच्या फोनवर लावला. उचलला सासूबाईंनी.

“आई, बाबांनी मला एखादी फाईल पाठवलीय का?”

“ते बाहेर गेलेत. कसली फाईल?”

“गुप्त नावाची. कुणाला सांगू नका म्हणालेत.”

“कुणाला म्हणजे? मलासुद्धा?”

“काळजी करू नका. ती त्यांनी पाठवलेली नसेलच. चोराने पाठवली असेल.”

फोन आपटल्याचा आवाज आला. वीस मिनिटांत सासूबाई आमच्या दारात, हातात चष्म्याची डबी.

“कुठंय ती?”

“आई, खात्री केल्याशिवाय उघडायची नसते.”

“चाळीस वर्षं संसार केलाय त्यांच्याशी. खात्री मी करते.” त्या माझ्या खुर्चीत बसल्या. “हे पिवळं दाबायचं ना?”

“तेच नाही दाबायचं!”

तोवर त्यांनी ते दाबलं होतं, आणि फाईलमधलं एकुलतं एक बटणही. कोपऱ्यातला प्रिंटर घरघरला आणि एकामागून एक कागद बाहेर पडू लागले. मी धावत जाऊन प्लग उपटला. तो पंख्याचा निघाला. सासूबाईंनी पहिला कागद उचलून मोठ्याने वाचला, ‘हिच्या पासष्टाव्या वाढदिवसाला सहकुटुंब यावे. हिला मात्र यातले काहीही कळू देऊ नये.’ ‘काहीही’च्या खाली दोन रेघा होत्या.

“म्हणजे तीन महिने दुपारी दार लावून हे शिकत होते,” त्या म्हणाल्या. “मला वाटायचं, पेंगतात.”

त्यांचे डोळे भरून आले. माझेही आले, पण भीतीने. तीन महिने जपलेलं गुपित मी वीस मिनिटांत घालवलं होतं.

बायकोने आतून येऊन एक कागद वाचला, स्क्रीनवरचा मेल वाचला आणि माझ्याकडे पाहिलं. “एकच बटण दाबायला सांगितलं होतं ना रे तुला?”

सासूबाईंनी चाळीसच्या चाळीस पत्रं चाळली. “यात धाकटीचं नाव नाही.” धाकटी म्हणजे त्यांची बहीण. नऊ वर्षांपूर्वी सासऱ्यांनी गाडी मागे घेताना स्वतःच्याच फाटकावर घातली, तेव्हा ती हसली होती. तेव्हापासून अबोला. “मला ती हवी आहे. घाला तिचं नाव. आणि मला हे कळलंय, ते यांना कधीही कळता कामा नये.”

मी फाईलमधल्या यादीत तिचं नाव घातलं. संध्याकाळी सासऱ्यांचा फोन आला.

“बटण?”

“चालतं, बाबा.”

“हिला काही कळलं?”

“छे!”

“मग पत्रं तिथूनच धाडा. इथे हिच्या नजरेतून काही सुटत नाही.”

वाढदिवसाच्या दिवशी सासूबाई दारातच असा काही धक्का बसल्यासारखं करून थांबल्या की क्षणभर मलाही खरं वाटलं. मग धाकटी आली. सासऱ्यांनी मला दंडाला धरून कोपऱ्यात नेलं.

“हिला कोणी बोलावलं?”

“मॅक्रोची चूक असेल,” मी म्हणालो.

“माझ्या मॅक्रोची?”

त्यांचा चेहरा इतका उतरला की मला बघवेना.

“नाही बाबा, मॅक्रो उत्तम आहे. मीच भलतंच काहीतरी दाबलं.”

त्यांनी पलीकडे गळ्यात गळा घालून रडणाऱ्या दोघी बहिणींकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला, बारा वर्षांत पहिल्यांदा.

“असू द्या, जावईबापू. नवशिक्याकडून होतं असं.”

हल्ली ते माझी ओळख अशी करून देतात, “आमचे जावई. माणूस सोन्यासारखा, फक्त कॉम्प्युटरजवळ बसू देऊ नका.” आणि दर रविवारी चार वाजता मला शिकवायला येतात. वही घेऊन बसावं लागतं.