निकमकाकांची टेकडी

माझ्या बहिणीला मुलगी झाली तेव्हा मी पेढ्यांचा पुडा घेऊन शेजारच्या निकमकाकांकडे गेले. "मुलगी झाली काका! पावणेतीन किलोची!" काकांनी पेढा तोंडाजवळ नेला, तिथेच थांबवला आणि विचारलं, "अधिक-उणे किती?"

मला वाटलं, थट्टा करताहेत. छे! दुसऱ्या दिवशी खिशात एक पितळी वजन टाकून ते थेट दवाखान्यात गेले, नर्सबाईंशी हुज्जत घालून बाळाच्या काट्यावर ते ठेवून पाहिलं आणि संध्याकाळी आमच्या फाटकात हजर. "काटा चाळीस ग्रॅम जास्त दाखवतो. तुझ्या बहिणीला सांग, आकडा दुरुस्त करून घे म्हणावं." बहीण पुढे आठ दिवस माझ्याशी धड बोलली नाही.

एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात काका मापं तपासायच्या खात्यात होते. दाबाचा काटा, उष्णतेचा काटा, कोण खरं बोलतोय आणि कोण खोटं, हे दिवसभर बघायचं. माणूस संध्याकाळी बसमधून उतरला तरी तो संशय काही उतरायचा नाही. "शाळा किती लांब तुझी?" दहा मिनिटं. "अधिक-उणे किती?" "आमरस किती वाट्या खाल्लास?" तीन. "अधिक-उणे?" मी मराठीची मास्तरीण, माझ्या आयुष्यात अधिक-उणे फक्त माणसांच्या बोलण्यात असतं. मी चिडायचे. ते म्हणायचे, "चूक किती असू शकते ते सांगितलं नाही, तर तो आकडा नव्हे मीना, ती थाप."

स्वस्थ बसणं त्यांना ठाऊकच नव्हतं. ओट्यावर बसले तर पाय हलतोय, उभे राहिले तर येरझाऱ्या, आणि दर पाच मिनिटांनी आतल्या खोलीत चक्कर. कारण त्या खोलीत यंत्र होतं.

आता यंत्राबद्दल मला जेवढं कळलं तेवढंच सांगते. मुंबईच्या जुन्या बाजारातून काकांनी हातभर लांबीच्या दोन नळ्या आणल्या होत्या. आकाशातून फार लांबून बारीक बारीक कण येतात म्हणे, इतके बारीक आणि इतके जोरात, की स्लॅब, पंखा, आपलं डोकं, सगळ्यातून आरपार जातात. असा कण नळीतून गेला की ती "कट" करते. काकांनी नळ्या एकावर एक ठेवल्या होत्या. एकच वाजली तर काका मानायचे नाहीत. दोन्ही एकदम वाजल्या, म्हणजे दोन साक्षीदार मिळाले, तरच नोंद. भंगारात निघालेला एक कागदी पट्टीचा नोंदक त्यांनी जोडला होता. गुंडाळी सावकाश सरकायची आणि तिच्यावर एक पेन रेघ ओढत जायचं. कण जास्त आले की रेघ वर, कमी आले की खाली. या कणांना काका "पाहुणे" म्हणायचे. मी भाजी निवडत बसले की म्हणायचे, "आत्ता एक गेला बघ तुझ्या डोक्यातून." मी म्हणायचे, "जाऊ द्या काका, थांबण्यासारखं काही नाही तिथे."

कमलकाकूंना त्या खोलीत मज्जाव होता. त्यांची हद्द भिंतीच्या अलीकडे, स्वयंपाकघरात. काकू नामपूरकडच्या, शेवटपर्यंत अहिराणीच बोलल्या. पहाटे पावणेसहाला त्यांच्या लायटरची खटखट माझ्या घरापर्यंत ऐकू यायची. तो लायटर म्हणजे जिवाला घोर. दहा-बारा वेळा दाबल्याशिवाय पेटायचा नाही आणि काकू तो टाकायच्या नाहीत. म्हणून एकदा गॅस पेटला की चहा आणि त्याच आचेवर सगळा स्वयंपाक उरकूनच त्या तो बंद करायच्या. काका बसमधून आले की संध्याकाळी साडेपाचला तेच. मग हाक यायची, "च्या थंडा व्हई राहिना!" चहा गार होतोय. काका आतून "आलो" म्हणायचे आणि येत नसत. चहावर साय धरायची.

यंत्र बसवून वर्ष झालं असेल, नोंदक जोडून जेमतेम महिना. एके दिवशी काका कागदाची गुंडाळी छातीशी धरून आमच्याकडे आले, चपला न घालता. "हाई काय शे, मीना, हाई काय शे?" काका अहिराणीत शिरले की समजायचं, माणूस ठिकाणावर नाही. सपाट चाललेली रेघ पहाटे पावणेसहाला एकदम वर गेली होती, टेकडीसारखी, आणि परत खाली. संध्याकाळी साडेपाचला पुन्हा. रोजच्या रोज. "आकाश घड्याळ लावून पाहुणे पाठवतंय! असं कुणी नोंदलेलं नाही. आणि गंमत सांगू? रविवारी सकाळची टेकडी तासभर उशिरा येते."

"म्हणजे पाहुण्यांना सुट्टी असते?" मी विचारलं.

काका हसले नाहीत. ते मुळात संशयी, त्यांनी हेही पकडलं होतं, की रविवार पाळतो तो माणूस, आकाश नव्हे. वीज वापरणारं काहीतरी आसपास आहे, ते नळ्यांना चकवतंय. आणि मग कॉलनीवर संक्रांत आली. आधी पाण्याचा पंप. सकाळी लागतो, रविवारी उशिरा लागतो, हाच चोर! काकांनी सोसायटीच्या सभेत हात जोडून आठ दिवस पंप बंद ठेवायला लावला. आम्ही बायका बादल्या वाहून कावलो. टेकडी जागच्या जागी. मग मिक्सर, टीव्ही, ट्यूबलाइट. काका दारोदार फिरून बटणं तपासत होते आणि लोक त्यांना बघून दारं लावत होते.

शेवटी त्यांनी कसोटी घेतली. एका संध्याकाळी यंत्र बॅटरीवर टाकलं आणि सगळ्या कॉलनीचा मेन स्विच पाऊण तास बंद करायला लावला. आम्ही सगळे रस्त्यावर उभे. साडेपाच वाजले आणि आतून काकांची आरोळी आली. आली! टेकडी आली! मिटलं सगळं, विजेशी संबंध नाही, ते आकाशातूनच येतंय. काका बाहेर येऊन चक्क नाचले. मागे काकू कपबशी घेऊन उभ्या होत्या. "च्या थंडा व्हई राहिना," त्या म्हणाल्या. पण लोक अभिनंदन करत होते, तो कप तसाच राहिला.

पुढे पाच-सहा वर्षं ही टेकडी म्हणजे काकांचं आयुष्य होतं. रोजची पट्टी कापायची, तारीख घालायची, दोऱ्याने बांधायची. माळा भरला. पुरेशा नोंदी झाल्या, की पुण्याला विद्यापीठात पाठवायच्या आणि आपण जगाला काहीतरी नवं दाखवायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

मग काकूंना काविळीसारखं काहीतरी झालं. त्याचं निदान व्हायलाच दोन-तीन महिने गेले. एका सकाळी त्यांना दवाखान्यात नेलं आणि चौथ्या दिवशी त्या गेल्या.

दिवसकार्य आटोपलं आणि काका खोलीत गेले. रेघ सपाट. टेकडी गायब.

काका पिसाटले, दुसरा शब्द नाही. जेवणाचा डबा बाहेरून यायला लागला, चहा कोपऱ्यावरच्या टपरीवर, स्वयंपाकघराला कडी. बाकी सगळा वेळ यंत्र. तारा बदलल्या, नळ्या बदलल्या, गच्चीवर नेऊन पाहिलं, परत खाली आणलं. निवृत्त झाल्यावर तर दिवसभर तेच. रस्त्यात धरून विचारायचे, "गेली कुठे, मीना? एवढी खरी गोष्ट अशी जाते कुठे?" मला ऐकवेना. घरातलं माणूस गेलं आणि हा रेघ शोधतोय!

त्यांनी पुण्याच्या विद्यापीठातल्या एका मॅडमना सगळं कळवलं. मॅडम सज्जन. त्यांनी लिहिलं, तुमच्या नोंदी प्रामाणिक दिसतात, टेकडी पुन्हा दिसली तर मी स्वतः नाशिकला येईन. पण आधी एक करा. ती नाहीशी झाली तेव्हा काय काय बदललं, त्याची यादी पाठवा.

माझं अक्षर बरं म्हणून यादी माझ्याकडे आली. चार पानं. नळीतला दाब. खोलीचं तापमान. भिंतीचा रंग. पलीकडच्या प्लॉटवर उभी राहिलेली इमारत. तोडलेलं निलगिरीचं झाड. शेवटच्या ओळीत "सूर्यावरचे डाग (?)". मी दोनदा वाचली आणि माझं डोकं फिरलं.

"काका, यात काकू नाहीत."

"तिचा काय संबंध?" काका खरोखर गोंधळले. "ती त्या खोलीत कधी पाऊलसुद्धा टाकायची नाही."

मी यादी उतरवून दिली, पण नंतर महिनाभर त्यांच्या ओट्यावर गेले नाही. माणूस कोरडा आहे, असं मी ठरवून टाकलं होतं.

सिंहस्थ उलटून गेला त्या हिवाळ्यात काकांना ताप भरला. डबा दाराशी तसाच पडलेला बघून राग गिळला आणि आत गेले. काका यंत्राच्या खोलीतच खाटेवर पांघरूण घेऊन पडले होते, डोळे पेनाकडे. म्हटलं, आधी आलं घालून चहा करू. स्वयंपाकघराची कडी काढली. डब्यांवर धूळ. काडेपेटी सादळलेली. खिळ्याला काकूंचा लायटर लटकत होता. पुसला आणि दाबायला लागले. खट. खट. खट. तो कसला पेटतोय!

"काय केलंस?" भिंतीपलीकडून किंचाळी आली. काका पांघरुणासकट दारात. "आत्ता काय केलंस?"

"चहा करतेय! ओरडता काय?"

"पुन्हा कर. तेच कर."

मी खटखट केलं. ते धावत आत गेले. पलीकडून नळ्यांचा आवाज आला, कट, कट, कट, माझ्या खटखटीबरोबर तंतोतंत. मी थांबले, नळ्याही मंदावल्या. मग काकांनी लायटर माझ्या हातातून घेतला आणि स्वतः दाबत राहिले. उघड्या दारातून पेन दिसत होतं. ते चढत गेलं.

लायटरच्या ठिणगीतून विजेची लहर भिंतीपार जायची, तिने नळ्या फसत होत्या, दोन्ही एकदम. साऱ्या कॉलनीची बटणं तपासणाऱ्या माणसाने ती एवढीशी वस्तू सोडली, कारण तिला वायर नव्हती. मेन बंद केला त्या दिवशीही काकूंनी आपला वेळेवर चहा टाकला होता.

मला वाटलं, आता हा माणूस कोसळणार. इतक्या वर्षांचं पाणी झालं. पण काका स्टूल घेऊन माळ्याकडे वळले. तापात! मी अडवलं आणि मीच चढून गुंडाळ्या काढल्या. त्यांनी जमिनीवर बसून त्या उलगडायला सुरुवात केली. प्रत्येक पट्टीवर त्यांच्या अक्षरात शेरा होता.

"टेकडी दीड तास आधी." ती दिवाळीची पहाट होती, अभ्यंगाची. "नऊ दिवस आकाश शांत." तेव्हा काकू भाचीच्या लग्नाला नामपूरला गेल्या होत्या. काका एकेक तारीख वाचत होते आणि मी सांगत होते. मग ते शेवटच्या गुंडाळीपाशी आले. टेकड्या बारक्या होत गेलेल्या, आणि उशिरा उशिरा येणाऱ्या. काकांनी लिहिलं होतं, "पाहुणे क्षीण होत आहेत. कारण कळत नाही. नळी बदलून पाहणे."

काकूंच्या बोटांत जोर राहिला नव्हता. दोनदा दाबून दमत असतील, थांबून पुन्हा दाबत असतील. आणि हा माणूस भिंतीपलीकडे ते मोजत होता.

दवाखान्यात नेलं त्याच्या आदल्या संध्याकाळी शेवटची टेकडी होती, नखाएवढी. काकांनी तिच्यावर बोट ठेवलं. "तो चहा मी प्यायलोच नाही, मीना," ते म्हणाले, आणि लहान मुलासारखे रडायला लागले. मीही रडले. महिनाभर त्यांना मनातून शिव्या घातल्या होत्या मी.

मॅडमना पत्र मीच लिहून दिलं. मजकूर त्यांचा: "टेकडीचा उगम सापडला. आकाशाशी संबंध नाही. माझी पत्नी रोज दोनदा चहा करत असे. आपला वेळ घेतला, क्षमा असावी." मॅडम तरीही येऊन गेल्या. त्यांनी यंत्र पाहिलं, नळ्यांना पत्र्याचं आवरण कसं घालायचं ते दाखवलं. काकांनी रस्त्याच्या बाजूला घातलं, पंपाच्या बाजूला घातलं. स्वयंपाकघराच्या बाजूला मात्र घातलं नाही. मॅडमनी ते बघितलं आणि उरलेला पत्रा गुंडाळून ठेवला.

आता काका चहा स्वतः करतात. साडेपाचला भिंतीपलीकडे खटखट होते, दहा-बारा वेळा. आत पेन चढत असणार, पण ते बघायला जात नाहीत. दोन कप घेऊन ओट्यावर येतात, पाय न हलवता बसतात आणि मला हाक मारतात. माझ्या हातात वह्यांचा गठ्ठा असतो. मी ओरडते, "पाच मिनिटांत आले काका!"

अधिक-उणे किती, हे ते विचारत नाहीत.

"आत्ता ये," ते म्हणतात. "थंडा व्हई राहिना."