सगळ्या ईमेलवर आजचीच तारीख

जुना कॉम्प्युटर आचके देऊ लागला, तेव्हा कारखान्यातल्या टाइमकीपरने ठरवलं, की सगळे ईमेल नव्या कॉम्प्युटरवर आपणच हलवायचे. (माणूस बोलवा, असं बायको म्हणाली होती. म्हणून तर ठरवलं!)

मेल आले. आलेले, धाडलेले, अर्धवट राहिलेले, सगळे एकाच ढिगात, आणि झाडून सगळ्यांवर तारीख आजची! कॉलेजात जाणारी पुतणी आजच जन्मली होती आणि निवृत्त मॅनेजर आजच रुजू झाला होता. कामगारांना मिनिटाच्या उशिरासाठी धारेवर धरणाऱ्या माणसाला हे कसं सोसणार? त्याने तातडीने मेहुण्याला साकडं घातलं आणि तो अंघोळीला गेला.

बाहेर येतो तो काय, बायको गुणगुणतेय आणि न मागता चहा समोर!

"अहो, एवढं मनात होतं तर तोंडाने बोलायचं की!"

"काय बोलायचं?"

"आता लाजताय! आत्ताच तुमच्या नव्या कॉम्प्युटरवर वाचलं मी, 'तू घरात नसलीस की भिंती खायला उठतात.' मी शेजारच्या खोलीत होते, तरी लिहिलंत!"

टाइमकीपरला ते पत्र आठवलं. लग्नानंतर ती पहिल्यांदा माहेरी गेली, तेव्हा त्याने हे लिहिलं होतं आणि लाजून पाठवलंच नव्हतं. खरं सांगावं, असं त्याला वाटलं. पण तिचा खुललेला चेहरा पाहून त्याने चहाबरोबर खरंही गिळलं.

तेवढ्यात मेहुण्याचा फोन आला.

"भाऊजी, दुपारचं ठरलं होतं, पण आत्ताच वेळ मिळाला. इथूनच तुमच्या तारखा दुरुस्त करतोय."

"नको! आहेत त्या छान आहेत."

"छान कसल्या? सगळीकडे एकच तारीख!"

"असू दे रे, सवय झालीय!"

"झालंसुद्धा, भाऊजी!"

बायको ते पत्र पुन्हा वाचायला बसली. शोधत शोधत पार लग्नाच्या सालापर्यंत खाली गेली.

"म्हणजे हे तेव्हाचं? आणि पाठवलंही नाहीत?"

"धीर झाला नाही," टाइमकीपर पुटपुटला.

आता काही खरं नाही, म्हणून त्याने डोळे मिटून घेतले. पण ती चक्क हसली. "वेडेच आहात! पण मनापासून लिहिलं होतं ना?"

"अगदी! आजही मनात तेच आहे."

"आजचंही बघू या की," म्हणत ती वर सरकली. आजच्या तारखेचा आता एकच मेल उरला होता, तिच्या भावाला धाडलेला:

'पासवर्ड खाली दिलाय. काम दुपारी कर. तुझी बहीण तेव्हा बाहेर असते. घरात तेवढीच काय ती शांतता.'