गणू गवंड्याचं टेंगूळ

गणू गवंड्याच्या कपाळावर बारा महिने टेंगूळ असतं. एक उतरत आलं की शेजारी दुसरं उगवतं. आमच्या वस्तीत बत्तीस घरं, बत्तीसच्या बत्तीस ह्याच गड्यानं बांधलेली, आणि त्यांत सगळ्यांत ठेंगणं दार कुणाचं म्हणाल तर ह्याचं स्वतःचं. गडी ताडासारखा उंच. सकाळी कामाला निघताना एकदा आपटतो, संध्याकाळी घरात शिरताना एकदा. आम्ही चारचौघं ओट्यावर तंबाखू मळत बसलेलो असतो. 'ठप्' असा आवाज आला की कुणीतरी म्हणतं, "गणू आला."

त्या आवाजानं मला लय बरं वाटायचं. खोटं कशाला सांगू? जळत होतो मी त्या माणसावर. सगळी वस्ती "गणू असा, गणू तसा" करत होती तेव्हा माझ्या वाट्याला एवढंच सुख होतं, की शहाणा स्वतःच्याच दाराचं माप चुकला.

मी मूळचा वडूजकडचा, धनगर. मेंढरं संपली तशी बायकोला घेऊन मिरजेला आलो आणि स्टेशनावर हमाली धरली. बायकोचं नाव साळू. ती रेल्वेच्या कोळशाच्या पाट्या वाहायची. स्टेशनामागं नाल्याच्या काठानं पोती, पत्रे आणि कुजक्या फळ्या लावून माणसं राहत होती, त्यांत आम्हीही राहिलो. पावसाळ्यात नाला घरात यायचा, उन्हाळ्यात त्याचा वास. लढाई संपली त्या साली वरून हुकूम आला, की ही सगळी खोपटं पाडायची आणि तिथंच विटांची घरं बांधून ह्याच लोकांना द्यायची. त्या कामावर गवंडी म्हणून गणू आला; मजुरीत एक घर त्यालाही ठरलं होतं.

पहिल्याच दिवशी त्याची ओव्हरसियर साहेबांशी जुंपली. साहेबांनी टेप काढली आणि सांगितलं, "दार साडेपाच फूट."

गणू म्हणाला, "कुनाचा फूट, सायेब?"

"म्हणजे?"

"फूट म्हंजी पाऊलच न्हवं? मंग कुनाचं पाऊल? विलायतेतल्या कुन्या बाबाचं आसंल. त्यो हितं ऱ्हायला येनार हाय का?"

साहेब हसले. तिथंच चुकलं त्यांचं. गणूसमोर एकदा हसलं की काम त्याच्या मनासारखं होतं. त्या दिवसापासून 'कुनाचा फूट?' हा त्याचा मंत्रच झाला. बाजारात वांगी घेताना, न्हाव्याकडं, लग्नाच्या मांडवात, कुठंही कुणी मापाची गोष्ट काढली की ह्याचं आपलं "कुनाचा फूट?"

मी एकदा अडवलं त्याला. "सायबाचा पाय चालत न्हाई, मंग तुजा पंजा चालतोय व्हय?"

"माजा बी न्हाई चालत, म्हादबा," तो म्हणाला. "ज्याचं घर त्याचं माप."

आणि त्यानं खरंच तसं केलं. घरटी एक सुतळी. सुतळीला तीन गाठी. पहिली उंबऱ्याची. घरातलं सगळ्यांत थकलेलं माणूस पाय किती उचलतं ते बघून ती मारायची. दुसरी देवळीची, म्हणजे भिंतीत दिवा-काडेपेटी ठेवायला कोनाडा असतो त्याची. घरधनिणीचा हात जिथवर पोचतो तिथं ती गाठ. तिसरी दाराची, घरातल्या सगळ्यांत उंच डोक्याची. पाय, हात, डोकं. "बाकीचं भिंतीला कळतंय," असं म्हणायचा.

मला हे सगळं थेर वाटलं. आजही थोडं वाटतं. विटा घ्यायच्या, चुना घ्यायचा, बांधून मोकळं व्हायचं. हा दोन विटा कानाशी धरून एकमेकींवर वाजवायचा आणि त्यांना विचारायचा, "काय म्हनतीस? पिकलीस का कच्ची?" वस्तीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. माझी साळूही हसायची. आमच्या घरात ती फारशी हसलेली मला आठवत नाही. म्हणजे मी हसण्यासारखं काही बोलत नव्हतो, हेही खरं.

एके दिवशी सुतळी आमच्या खोपटासमोर आली. गणूनं सुतळीचं टोक स्वतःच्या पायाखाली धरलं, साळूपासून दोन हात लांब उभा राहिला आणि म्हणाला, "वैनी, दिवा ठेवायचा हाय असं समजा. हात वर करा."

साळूनं उजवा हात उचलला. खांद्याशी येऊन थांबला.

"आनखी."

"येवढाच जातुया भावजी."

"कवापासनं?"

"कोळशाची पाटी अंगावर आली तवापासनं."

"किती वर्सं झाली म्हनायची?"

"झाली असतील नऊ-धा."

मी तिथंच उभा होतो. तळहातावर तंबाखू होती, ती तशीच राहिली. नऊ-दहा वर्षं! खोपटात उंदीर म्हणून मी मीठ, तेल, काडेपेटी, सगळं उंच फळीवर ठेवत होतो. माझा हात पोचायचा. साळू घमेलं उपडं घालून त्यावर चढायची आणि डाव्या हातानं चाचपायची. मला वाटायचं, बाई बुटकी आहे. एकदा तिच्या हातून तेलाची बाटली पडली तेव्हा मी तिला नाही नाही ते बोललो होतो.

गणूनं तिथं गाठ मारली. त्या दिवशी जेवताना मी साळूला विचारलं, "मला का न्हाई सांगितलंस?"

"तुमी कवा इचारलं?"

रागानं नाही म्हणाली. भाकरी वाढता वाढता, मीठ पाहिजे का विचारावं तसं म्हणाली. तेव्हापासून माझं जळणं सुरू झालं. माणूस देखणा असता, पैसेवाला असता, तर मी समजलो असतो. पण ह्यानं काय केलं? एक सुतळी धरली आणि विचारलं. माझ्याकडं सुतळी नव्हती असं थोडंच आहे?

त्यातच घरांच्या वाटणीची भानगड उभी राहिली. आमच्या हमालांचा मुकादम तात्या. त्याचं म्हणणं, महार-मांगांची आठ घरं नाल्यापल्याड बांधायची. त्यानं तसा कागद केला आणि अंगठे घ्यायला फिरला. मीही अंगठा दिला. सांगायला लाज वाटते, पण दिला. मुकादमाच्या हाताखाली काम होतं आणि डोकंही तसंच होतं. साळूला कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "पल्याड पानी साचतंय. त्यांच्या पोरांनी काय म्हशीगत बसायचं त्यात?"

ओव्हरसियर साहेबांनी सगळ्यांना पिंपळाखाली बोलावलं. मुकादम कागद घेऊन पुढं. गणू आला तो डोक्यावर घमेलं घेऊन. त्यात बत्तीस सुतळ्या, सगळ्या एकात एक कालवलेल्या.

"सायेब, यातनं एकेक सुतळी वडायची. जी निघंल तिचं घर पयलं, मंग दुसरं, तसं वळीनं. समदी अल्याडच. प्रत्येक खोली वीतभर आवळली की आठ घरं सहज बसत्यात."

"आन जातीचं काय?" मुकादम म्हणाला.

"जात? मला तर गाठीच दिसत्यात बाबा. तुला वळखू येत आसंल तर काढ की मांगाची सुतळी. वळखलीस तर मी उद्याच पल्याड पाया खांदतो."

मुकादमाला वाटलं, सोपं आहे. त्यानं सगळी सुतळी उलटीपालटी केली आणि एक काळवंडलेली, वाकडी सुतळी ओढून काढली. तिची पहिली गाठ अगदी टोकाशीच होती, जमिनीला लागून.

"ही बघ. ही त्यांचीच. उंबरा सुदीक न्हाई नीट."

गणूनं सुतळी हातात घेतली, बोटांनी चाचपली आणि एकदम हळू आवाजात म्हणाला, "मुकादम, ही तुज्या घरची हाय. तुज्या आईला पाय उचलवत न्हाई. म्हातारी म्हनली, लेकाला सांगू नगंस, त्यो दवाखान्यात न्हील. म्हनून गाठ जमिनीला मारली. आन काळी झालीया ती तिच्या मिशरीच्या बोटानं."

सगळी वस्ती खो खो हसली. साहेबही हसले. मुकादम हसला नाही. तो सुतळीकडं बघत राहिला. मीही हसलो नाही, कारण मला माहीत होतं त्याला आत काय होत असेल ते. मग सखाराम हलगीवाल्याची आई रखमाक्का मागून ओरडली, "आन ती समदी सुतळी वळली कुनी? ह्या हातांनी! मांगिणीच्या हातची सुतळी घरात चालती, मांगीण शेजारी चालत न्हाई व्हय रं मुडद्यानू?"

मुकादमानं कागद घडी करून खिशात घातला. परत कधी काढला नाही.

सुतळ्या ओढल्या. आमच्या घराला डाव्या हाताला रखमाक्का आली, उजव्या हाताला बाबूलाल टांगेवाला. मी चार दिवस तोंड वाकडं करून फिरलो. साळू पाचव्या दिवशी रखमाक्काच्या ओट्यावर बसून सुतळी वळायला शिकत होती. एका हाताचं काम पायाच्या अंगठ्यानं कसं करायचं, ते म्हातारीनं तिला दाखवलं.

नव्या घरात साळूची देवळी तिच्या खांद्याशी आली, तिच्या हाताला बरोब्बर. रोज दिवा लावताना ती म्हणायची, "भावजींनी किती नेमकी केलीया!" देवाच्या आधी गणूचं नाव. मी तिथंच जेवायला बसलेलो असायचो. घास कडू व्हायचा.

मग मी त्याच्या कामात खोट काढायला लागलो. एकदा साळू पाण्याला गेलेली बघून मी दोरीला दगड बांधला आणि आमची भिंत ओळंब्यात आहे का ते तपासलं. चारी कोपरे तपासले. भिंत सरळ निघाली. त्या दिवशी मी जेवलो नाही.

म्हणून मला त्याचं टेंगूळ आवडायचं. 'ठप्' झालं की मी मोठ्यानं म्हणायचो, "काय गवंडी, कुनाचा फूट?" लोक हसायचे. तो कपाळ चोळत चोळत माझ्याकडं बघून हसायचा आणि आत जायचा. त्याच्या घरात मात्र कुणी गेलेलं नव्हतं. कुणी आलं तर तो पायरीवरच गप्पा मारायचा.

गेल्या पौषात साळू गेली. छातीत कफ झाला आणि आठ दिवसांत आटोपलं. घरात पहिलं पाऊल टाकलं ते रखमाक्कानं. तिनंच साळूला हळद-कुंकू लावलं. जिच्या विरुद्ध मी अंगठा दिला होता, तिच्या मांडीवर डोकं ठेवून मी रडलो. गणू आला, दाराशी उभा राहिला, भिंतीला हात लावून.

त्यानंतर रोज सकाळी चूल पेटवायला काडेपेटी घ्यायची म्हणजे माझा हात आधी वरच जायचा, जुन्या फळीच्या जागी. तिथं कोरी भिंत. मग खाली वाकायचं, तिच्या हाताच्या उंचीला. दीड महिना वाकलो. एक दिवस नाही सहन झालं. तडक गणूच्या घरासमोर गेलो. तो चुन्यानं भरलेली थापी धूत होता.

"गणू, ती देवळी वर घे."

"का रं?"

"आता त्या मापाचं घरात कुनी न्हाई."

त्यानं थापी खाली ठेवली. हात पुसले. म्हणाला, "आत चल."

मी त्याच्या मागून गेलो आणि ठप्! डोळ्यांपुढं काजवे. तो आत उभा राहून म्हणाला, "वाक की रं गड्या."

आत एका माणसाचा संसार. पण देवळी माझ्या छातीच्याही खाली. खुंट्या कमरेशी. उंबरा असा घासलेला की आंधळ्यानंही अडखळू नये. ह्या उंच माणसाला त्या घरात एकही गोष्ट सोयीची नव्हती. खुंटीला एकच सुतळी टांगलेली, धुरानं काळी झालेली, तीन गाठींची.

"चंद्रा," तो म्हणाला. "माजी मंडळी."

ह्याचं कधी लग्न झालं होतं हेच वस्तीला माहीत नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं. मीही नाही.

"कोरेगावापास्नं सांगलीपतूर लोकांची घरं बांधीत हिंडलो. ती संगट. जितं काम, तितं खोपाट. मी वाशाला डोकं आपटायचो, ती हसायची. म्हनली, एक घर माज्या मापाचं बांधा, मंग आपटा किती आपटायचं ते. माप घेतलं. म्हनलं, ह्या साली हातातलं काम हुंदे, फुडच्या साली बांधू."

"मंग?"

"मंग काय. सुतळी ऱ्हायली."

त्यानं पत्र्याची पेटी उघडली. त्यात वस्तीतल्या सगळ्या सुतळ्यांची जुडी. न बघता, बोटांनी चाचपून त्यानं एक काढली आणि माझ्या हातात दिली. मी ती उभी धरली. वरची गाठ माझ्या डोक्याची. मधली साळूच्या हाताची. दोन गाठींच्या मधली सुतळी मी किती वेळ धरून बसलो, मला सांगता येणार नाही.

तेव्हाही मी जळलोच. ह्यानं बायकोसाठी अख्खं घर ठेंगणं केलं. माझ्या घरात साळूची म्हणून जी एक जागा आहे, ती मी केलेली नाही. तीही ह्यानंच केलेली.

आता रोज संध्याकाळी मी त्याच्याकडं चहाला जातो. माझ्याही कपाळाला टेंगूळ आलंय, आणि ओट्यावरची मंडळी आता दोन ठप् मोजतात. परवा गणूनं चहा गाळता गाळता विचारलं, "म्हादबा, देवळीचं काय करायचं? वर घ्यायची न्हवं?"

मी म्हणालो, "तू आधी तुजं दार वर घे."

त्यानं कपाळ चोळलं आणि माझ्या कपात आणखी चहा ओतला.