उजवीकडचे तीन इंच

माणसं कॉम्प्युटरसमोर माऊस घेऊन बसतात. आमचे साळवे नाना फूटपट्टी घेऊन बसतात. शेजारी लाल कापडी बांधणीचं रजिस्टर, कानावर पेन्सिल आणि मांडीवर आमटीची वाटी. वाटी रिकामी असते. ती कशाला, ते पुढं सांगतो.

भिंगारला नानांची आणि आमची भिंतीला भिंत. लष्कराच्या एका डेपोत नाना जन्मभर स्टोअरकीपर होते. बुटाच्या नाडीपासून ट्रकच्या टायरपर्यंत प्रत्येक वस्तूची जागा त्यांना पाठ. "आधी नोंद, मग हात" हे त्यांचं वाक्य. घरचा गॅस सिलिंडर बदलायचा तरी आधी नोंद, मग हात. एकदा मी बसता बसता त्यांचा टीपॉय पायानं जरा सरकवला, तर बोलणं अर्धवट टाकून ते उठले आणि तो फरशीच्या रेघेवर परत आणून ठेवला.

मी शाळेत कॉम्प्युटर शिकवतो, त्यामुळं गल्लीतल्या प्रत्येक बिघडलेल्या यंत्राचा मी फुकटचा डॉक्टर. लोक मिक्सरसुद्धा आणतात. या पेशंटांमध्ये नानांचा कॉम्प्युटर सगळ्यात ज्येष्ठ. त्यात अजून जुनी विंडोज एक्सपी आहे. "नाना, नवी विंडोज टाकू," असं मी दर दिवाळीला म्हणतो. "कशाला? ही काय भाकरी मागती का?" असं नाना दर दिवाळीला म्हणतात.

मागच्या महिन्यात त्यांचा चौकोनी मॉनिटर जळाला. नवा आणला तो आडवा, रुंद. जुन्या विंडोजला या पाहुण्याची ओळखच पटेना. तिनं आपलं चौकोनी चित्र ओढूनताणून त्याच्यावर बसवलं आणि जे ते आडवं सुटलं. नानांनी पुण्यातल्या नातीचा फोटो उघडला आणि थेट सुनेला फोन लावला. "पोरगी लई फुगली. बेकरीचं बंद करा तिचं." सुनेनं घाबरून पोरीला वजनकाट्यावर उभं केलं म्हणे.

दुसऱ्या फोटोत मेहुणा फुगला, तिसऱ्यात सायकल. तेव्हा कुठं नानांना यंत्राचा संशय आला, आणि तिथं वाटी आली. पडद्यावर गोल काढायचा आणि त्यावर वाटी धरायची. गोल दोन्ही बाजूंनी वाटीबाहेर डोकावत होता. "मास्तर, वाटी खोटं बोलत न्हाई," असं म्हणून त्यांनी मला रविवारी सकाळी बोलावून घेतलं.

खुर्चीत टेकायच्या आधीच अट. "गोल गोल झाला पायजे. पन पडद्यावरची एक बी वस्तू जागची हलता कामा नये."

पडद्यावर तीसेक फोल्डर होते, पण कसेही. चार वर, मग मोकळी जागा, दोन मध्येच, एक पार खाली कोपऱ्यात. असला पसारा मला बघवत नाही. टीपॉय रेघेवर ठेवणाऱ्या माणसाच्या पडद्यावर हा पसारा कसा, हे तेव्हाच माझ्या डोक्यात यायला हवं होतं. आलं नाही. नाना मात्र फूटपट्टी लावून एकेका फोल्डरचा मुक्काम रजिस्टरात उतरवत होते. "डावीकडनं दोन इंच, वरनं साडेतीन." तासभर हे चाललं. मी तीन चहा प्यालो.

या म्हाताऱ्या विंडोजला रुंद पडदा समजावणारा ड्रायव्हर मला शाळेतल्या जुन्या सीडींच्या डब्यात सापडला होता. तो टाकला, रेझोल्यूशनचे आकडे बदलले. पडदा काळा झाला, नानांनी माझा दंड पकडला, पडदा परत आला. वाटी लावली. गोल वाटीत चपखल! नाना चक्क टाळी वाजवून हसले.

आणि तेवढ्यात माझं बोट चाललं. शाळेत पोरांनी केलेला पसारा आवरायला मी प्रत्येक मशीनवर 'ऑटो अरेंज'वर खूण करतो. हात सवयीनं तिकडं गेला, आणि नानांचे सगळे फोल्डर डाव्या कडेला प्रार्थनेच्या रांगेत जाऊन उभे राहिले.

"कसं सुबक झालं!" मी म्हणालो.

नानांनी रजिस्टर उघडून फूटपट्टी लावली, पण ती मापं मघाच्या ताणलेल्या चित्राची. ती आता कुठंच लागू होईनात. कानावरची पेन्सिल खाली पडली, ती त्यांनी उचलली नाही.

"विमलनं लावलं हुतं ते," ते म्हणाले.

नानांच्या पत्नी विमलकाकूंना जाऊन दोन वर्षं होत आली. माझ्याच सुट्टीच्या वर्गात, पुढच्या बाकावर बसून त्या कॉम्प्युटर शिकल्या होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "नाना, चुकलं माझं," मी म्हणालो, पण ते उठून स्वयंपाकघरात गेले होते. मला वाटलं, रडत असतील. तर आतून आरोळी आली.

"मास्तर! मूळ नोंद हितं हाय!"

मी आत धावलो. भिंतीवर काकूंच्या फळ्या आणि फळ्यांवर त्यांचे डबे. चार वर, मग मोकळी जागा, दोन मध्ये.

"तिला पडद्यावर काय बी सापडायचं न्हाई," नाना म्हणाले. "मग म्हनली, माझ्या फळ्यांवानी लावते. डोळं झाकून हात जातो."

मी बाहेर येऊन ती अवदसा खूण काढली आणि माऊस धरला. नाना आतून डबे बघून ओरडायचे, मी बाहेर फोल्डर ओढायचो.

"वरची फळी, पयली हळद!"

"हळदीच्या जागी काय ठेवू?"

"लग्नाच्या याद्या! तिच्या शेजारी मिरची. तिथं माझ्या बहिनी!"

खरंच, 'वन्सं' नावाचा फोल्डर होता.

"हिंग!" आतून आलं. "तिथं माझे डेपोचे कागद. वास येतो म्हनायची!"

गुळाच्या डब्याच्या जागी नात बसली. शेवटी एकच फोल्डर उरला. त्याचं नाव 'ह्यांचं'.

"तो खालच्या फळीवर, उजव्या कोपऱ्यात," नानांचा आवाज एकदम खाली आला. "माझ्या शेंगदान्याच्या लाडवांचा डबा. मला वाकून घेता यावा म्हनून तिथं."

"यात काय आहे, नाना?"

नाना दारात येऊन उभे राहिले. "चष्म्याचा नंबर. बीपीच्या गोळ्यांची नावं. शर्टाचं माप. मला कुठं ठावं हुतं त्यातलं! साऱ्या डेपोची नोंद माझ्याकडं, अन् माझी तिच्याकडं."

मी तो फोल्डर खालच्या ओळीच्या उजव्या टोकाला नेऊन ठेवला. सगळं जागच्या जागी बसलं, तरी उजवीकडं पडद्याची एक उभी पट्टी रिकामी राहिली. नवा पडदा रुंद होता ना.

"इथं काय ठेवायचं?" मी विचारलं.

नानांनी फूटपट्टी लावली. तीन इंच. मग त्यांनी वळून आतल्या फळ्यांकडं पाहिलं, परत पडद्याकडं पाहिलं. "तिथं तिची फळीच न्हाई," ते म्हणाले.

मग वाकून त्यांनी पेन्सिल उचलली आणि रजिस्टरात स्टोअरकीपरच्या वळणदार अक्षरात लिहिलं: उजवीकडे तीन इंच. विमलच्या माघारी वाढले. मोकळे ठेवणे.

रजिस्टर त्यांनी माझ्यापुढं सरकवलं. मी खाली सही केली.